पदक कोर्टात जातं तेव्हा

'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, हे मराठी घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. १९५३ सालच्या चित्रपटांसाठीचा तो पहिलाच राष्ट्रीय पुरस्कार आणि आचार्य अत्र्यांचा तो चित्रपट. पण त्याच वर्षी आणखी एक सुवर्णपदक दिलं गेलं होतं, ते माहितीपटासाठी. 'महाबलीपुरम' हा तो माहितीपट. जगत मुरारींनी तो केला होता, फिल्म्स डिव्हिजनसाठी. नाव ऐकलंय का? बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. एकाच वर्षीची दोन सुवर्णपदकं, त्यातलं एक घराघरात पोचलं आणि दुसरं सरकारी यादीत राहिलं.

माहितीपटाच्या दिग्दर्शकाला पुरस्कार मिळतो म्हणजे नक्की काय मिळतं, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. कथापटाला पदक मिळालं की टॉकीजवाला पोस्टरवर ते छापतो, चार तिकिटं जास्त खपतात. माहितीपटाला ना स्वतःचा खेळ, ना तिकीट, ना पोस्टर. मग पदक शोकेसमध्ये ठेवायचं आणि पाहुण्यांना दाखवायचं, एवढंच? बरीच वर्षं तसंच होतं. पुढे मात्र काही दिग्दर्शकांनी या पदकाचा असा उपयोग शोधून काढला, की तो ते देणाऱ्या सरकारच्याही ध्यानीमनी नसावा. त्यांनी ते न्यायाधीशासमोर पुरावा म्हणून ठेवलं.

याचा आपल्या वाशीमशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे.

वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठल्याही गावच्या जुन्या टॉकीजात बसलेल्या माणसाची माहितीपटाशी ओळख झाली ती एका सक्तीमुळे. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली मुंबईत सुरू झालं आणि चित्रपटगृहाच्या परवान्यातच अट आली की प्रत्येक खेळाआधी सरकारमान्य लघुपट दाखवलाच पाहिजे, आणि त्याचं भाडंही टॉकीजवाल्यानेच भरायचं. वर्षानुवर्षं देशभर हा प्रकार चालला. धरणाचं उद्घाटन, पूरग्रस्तांना धान्य, मंत्र्यांचा परदेश दौरा, आणि त्यावर एक भारदस्त आवाज. लोकांनी त्यावरही उपाय शोधला होता: 'अजून रीळच चालू आहे' असं म्हणत सायकल निवांत स्टँडला लावायची, शेंगदाण्याची पुडी बांधून घ्यायची आणि मगच आत शिरायचं. जगातल्या सर्वांत मोठ्या माहितीपट-प्रेक्षकवर्गांपैकी एक असा तयार झाला, आणि तो बऱ्याचदा दाराबाहेर उभा असायचा!

मग टीव्ही आला. १९८४च्या उत्तरार्धात सरकारने काही महिने जवळपास दिवसाला एक या वेगाने छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी केली. घरावर लोखंडी पाइप, त्यावर अँटेना, पडद्यावर मुंग्या आल्या की एकाने वर चढून तो फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून 'बस, बस, तिथंच' म्हणून ओरडायचं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. वेगळा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावं लागलं. या गावांत मुंबई-पुण्यासारखी फिल्म सोसायटी नव्हती, परदेशी वकिलातींची प्रेक्षागृहं नव्हती. सरकारने न बनवलेला, सरकारला न आवडणारा एखादा माहितीपट मानोऱ्याच्या माणसाला दिसायचा असेल, तर त्याला एकच खिडकी होती: दूरदर्शन. आणि त्या खिडकीची कडी आतून लावलेली होती.

आता गंमत बघा. राष्ट्रीय पुरस्कार कोण देतं? केंद्राचं माहिती व प्रसारण मंत्रालय. सेन्सॉर बोर्ड कुणाच्या अखत्यारीत? त्याच मंत्रालयाच्या. आणि त्या काळी दूरदर्शन चालवायचं कोण? तेच मंत्रालय. म्हणजे एक हात प्रमाणपत्र द्यायचा, दुसरा हात पदक द्यायचा आणि तिसरा हात दार लावून घ्यायचा. त्यातही नवल म्हणजे पुरस्कारांमध्ये 'सर्वोत्कृष्ट शोधक चित्रपट' असा एक विभागच होता. यंत्रणेनं झाकलेलं उकरून काढणाऱ्याला यंत्रणेनंच शाबासकी द्यायची!

हे कोडं पहिल्यांदा नीट सुटलं ते भोपाळच्या निमित्ताने. १९८४च्या डिसेंबरात विषारी वायूने हजारो माणसं मेली, त्यावर तपन बोस आणि सुहासिनी मुळे यांनी 'बियाँड जेनोसाइड' हा माहितीपट केला. सुहासिनी मुळे म्हणजे 'भुवन शोम'मधली ती चुणचुणीत मुलगी आणि 'लगान'मधली भुवनची आई. त्यांना आपण अभिनेत्री म्हणून ओळखतो, पण माहितीपटांसाठी त्यांना एकापेक्षा जास्त राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले आहेत. या माहितीपटाला सेन्सॉरचं 'यू' प्रमाणपत्र मिळालं आणि १९८७ साली सुवर्णकमळही. पुरस्कार सोहळ्यात मंत्र्यांनी जाहीर करून टाकलं की पुरस्कारप्राप्त लघुपट दूरदर्शनवर दाखवले जातील. टाळ्या पडल्या असतील. माहितीपटवाले मात्र ते वाक्य लक्षात ठेवून बसले.

दूरदर्शनने नकार दिला. कारणं वाचण्यासारखी आहेत: विषय आता जुना झाला, मांडणीत संयम नाही, राजकीय पक्ष या प्रश्नावर भांडताहेत, भरपाईचे दावे कोर्टात पडून आहेत, वातावरण तापेल. एकच नकार, पण तो इतक्या अंगांनी की कुठलं तरी एक लागू पडावं. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २२ जुलै १९९२ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं त्याचा मथितार्थ असा: दूरदर्शन जनतेच्या पैशावर चालणारी सरकारी संस्था आहे, तिला एखाद्याचं म्हणणं दाबायचं असेल तर संविधानात बसणारं कारण दाखवावं लागेल, आणि सरकारवर टीका आहे हे काही कारण होत नाही. शिवाय तुमच्याच मंत्रालयाने याला देशातला सर्वोत्तम ठरवलंय, मग त्यात संयम नाही हे तुम्ही कोणत्या तोंडाने सांगता?

इथं पदकाचं रूप पालटलं. 'आमचा चित्रपट चांगला आहे' हे दिग्दर्शकाने सांगणं म्हणजे आपल्याच तोंडानं आपली स्तुती. 'आमचा चित्रपट चांगला आहे असं प्रतिवादीनेच लिहून दिलंय' हे सांगणं म्हणजे कायद्याचा मुद्दा.

या मुद्द्याचा सर्वांत चिवट वापर ज्याने केला, तो माणूस म्हणजे आनंद पटवर्धन.

पटवर्धनांचा जन्म १९५० सालचा, मुंबईचा. अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन हे अहमदनगरचे स्वातंत्र्यलढ्यातले बंधू त्यांचे काका, म्हणजे ४२च्या भूमिगतांचं घराणं. आई निर्मला पटवर्धन नावाजलेल्या कुंभारकलावंत. एल्फिन्स्टनमधून इंग्रजी साहित्य, मग शिष्यवृत्तीवर अमेरिकेत समाजशास्त्र, परत येऊन मध्य प्रदेशात किशोर भारती या संस्थेच्या ग्रामीण कामात. चित्रपटाच्या शाळेची पायरी अशी चढलेच नाहीत. १९७४ साली बिहारमध्ये जयप्रकाश नारायणांचं आंदोलन पेटलं, तिथं ते गेले आणि ४ नोव्हेंबरच्या पाटण्याच्या मोर्चाचं चित्रण करण्याचं काम अंगावर आलं. हातात काय? उसना सुपर-८ कॅमेरा. घरगुती लग्न-मुंजींसाठी बनवलेलं ते खेळणंच म्हणायचं.

इथं थोडं थांबून ती फिल्म जवळून बघायला हवी. सुपर-८ची पट्टी आठ मिलिमीटर रुंद, त्यावरची एकेक चौकट करंगळीच्या नखाहून लहान. त्यात बहुधा निगेटिव्ह नसायचंच. कॅमेऱ्यातून जी पट्टी निघाली तीच धुवून थेट पडद्यावर टाकायची. म्हणजे ती हरवली की सगळं संपलं, आणि तिच्या प्रती काढणं जिकिरीचं. पटवर्धनांनी काय केलं, तर ते चित्रण पडद्यावर प्रोजेक्टरने टाकलं आणि समोर १६ मिलिमीटरचा कॅमेरा लावून पडद्याचंच पुन्हा चित्रण केलं. चित्राचे दाणे फुटले, कडा भुरकट झाल्या, उजेड लुकलुकला. पण आता निगेटिव्ह तयार झालं होतं, प्रती निघणार होत्या. पुढचं चित्रण जुन्या, चावीच्या कॅमेऱ्यावर. चावी पूर्ण दिली की तो जेमतेम अर्धा मिनिट चालतो, मग पुन्हा पिळायचा. भाषण ऐन रंगात आलेलं असताना कॅमेऱ्याचा दम संपला की पाहत बसायचं. 'क्रांती की तरंगें' तयार झाला तो हा असा, आणि तोवर आणीबाणी लागली. प्रत कापून तुकडे केले गेले, ते ओळखीच्यांबरोबर वेगवेगळ्या वाटांनी देशाबाहेर गेले आणि कॅनडात पुन्हा जोडले गेले. एका माणसाच्या कारकिर्दीची सुरुवात पडद्याचं चित्रण करून आणि स्वतःच्या चित्रपटाचे तुकडे करून व्हावी, याचं मला अजून नवल वाटतं.

आणीबाणी उठल्यावर राजकीय कैद्यांवर 'ज़मीर के बंदी', कॅनडातल्या पंजाबी शेतमजुरांवर एक चित्रपट, आणि मग १९८५ साली 'हमारा शहर'. मुंबईच्या फूटपाथवरच्या आणि झोपडपट्टीतल्या माणसांची घरं महापालिका पाडत होती. फूटपाथवासीयांचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, त्याच वर्षी निकाल लागला आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं न्यायालयाने मान्य केलं. या माहितीपटात एक प्रसंग आहे. झोपडं पाडलेली एक बाई संतापून कॅमेऱ्यावरच उलटते. तुम्ही गरिबांचे फोटो काढायला आलात, नाव कमावणार, आम्हाला त्याचं काय, असा तिचा सवाल. बहुतेक दिग्दर्शकांनी हा तुकडा संकलनाच्या टेबलावर गुपचूप बाजूला सारला असता. पटवर्धनांनी तो ठेवला. आणि तिचं म्हणणं खरंही झालं: चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, फिल्मफेअर मिळालं, दिग्दर्शकाचं नाव झालं. १९८६ साली नरिमन पॉइंटजवळची संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली तेव्हा शबाना आझमींसोबत पटवर्धनही उपोषणाला बसले होते. त्या बाईच्या सवालाचं उत्तर त्याने मिळालं की नाही हे मी ठरवणार नाही. पण तो सवाल त्यांनी चित्रपटात जिवंत ठेवला, ही गोष्ट माझ्या लेखी पुरस्काराहून मोठी आहे.

'हमारा शहर'साठीही दूरदर्शनशी कोर्टात झुंजावं लागलं. पण खरी कसोटी पुढच्या दोन चित्रपटांची.

'राम के नाम'चं चित्रण १९९० सालच्या रथयात्रेच्या आणि अयोध्येतल्या कारसेवेच्या काळातलं. म्हणजे बाबरी मशीद पडण्याच्या आधीचं. त्यात कोर्टाने नेमलेले पुजारी लालदास शांतपणे बोलताना दिसतात. पुढे १९९३ साली त्यांची हत्या झाली. चित्रपटाला 'यू' प्रमाणपत्र, सर्वोत्कृष्ट शोधक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, फिल्मफेअर, सगळं काही. दूरदर्शनचं उत्तर तेच: वातावरण तापेल. मुंबई उच्च न्यायालयाने चित्रपट बघितला आणि दूरदर्शनला तो दाखवायला सांगितलं. टॉकीजात कधीच न लागलेला माहितीपट सरकारी वाहिनीवरून देशभर गेला. रिसोडच्या एखाद्या घरात त्या रात्री कुणी अँटेना फिरवला असेल, तर त्याला ते चित्र दिसण्यामागे एक पदक, एक याचिका आणि एक निकालपत्र होतं.

'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' १९९५चा. दोन भागांचा: पहिला सती, धर्म आणि आग यांच्याभोवती फिरणारा, दुसरा मर्दानगीच्या कल्पनेवरचा. रस्त्यावर 'ताकदीची' औषधं विकणाऱ्या वैदूपासून दंगलीच्या भाषणापर्यंत एकच धागा जातो, असं दाखवणारा हा दुसरा भाग विलक्षण आहे. मला विचाराल तर पटवर्धनांच्या सगळ्या कामात डोक्याने सर्वांत पुढे गेलेला. दोन राष्ट्रीय पुरस्कार. पण एक अडचण होती: पहिल्या भागाला 'यू', दुसऱ्याला 'ए'. दूरदर्शनला आयतं कारण सापडलं. खटला चालला तो चालला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला २५ ऑगस्ट २००६ रोजी. चित्रपट झाला तेव्हा जन्मलेलं पोर तोवर पाचवी-सहावीत गेलेलं.

हा निकाल समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात कुठलाही चित्रपट पारखायची रीत दिलेली आहे. चित्रपट तुकड्यातुकड्यांनी बघायचा नाही, अख्खा बघायचा. एखाद्या पात्राच्या तोंडी विषारी वाक्य असेल तर ते वाक्य सुटं काढून विषारी म्हणायचं नाही, पूर्ण चित्रपट त्या वाक्याचं काय करतो ते पाहायचं. आणि बघायचं कुणाच्या डोळ्यांनी? बारीकसारीक गोष्टीवर भडकणाऱ्याच्या नव्हे, साध्या, शहाण्या, सरासरी माणसाच्या. 'ए' प्रमाणपत्र असलं तरी विषय दडपायचं ते निमित्त होत नाही. वेळ उशिराची ठेवता येते.

न्यायाधीशांच्या कल्पनेतला हा 'सरासरी माणूस' मला फार आवडतो. वातावरण तापेल म्हणणाऱ्याच्या मनात जो प्रेक्षक असतो, तो काडीपेटी घेऊन टीव्हीसमोर बसलेला असतो. निकालातला प्रेक्षक मात्र जेवून, हात धुवून, टेकून बसलेला असतो. त्याला पटलं नाही तर तो वाहिनी बदलेल, किंवा दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर वाद घालेल. मालेगाव जहांगीरचा की मुंबईचा, हा फरक त्यात येत नाही.

या सगळ्याच्या आधीचा एक धागा सांगायलाच हवा. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांच्या पूर्वतपासणीवर जो मूलभूत निकाल दिला, तोही कुठल्या मसालापटावरून नव्हे, एका छोट्या माहितीपटावरून. ख्वाजा अहमद अब्बासांचा 'चार शहर एक कहानी'. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्लीतली श्रीमंती आणि दारिद्र्य समोरासमोर ठेवणारा. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. अब्बास सेन्सॉरच्या तत्त्वावर हरले, कारण न्यायालयाने पूर्वतपासणी वैध ठरवली. पण तपासणीला ठोस निकष हवेत, मनमानी नको, हेही तिथंच ठरलं. आपल्याकडच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कायद्याचा निम्मा पाया अशा चित्रपटांवर उभा आहे, जे कुणी तिकीट काढून पाहिले नाहीत!

पटवर्धनांची कारकीर्द म्हणजे फक्त कोर्ट असा समज मात्र होऊ नये. माणूस मुळात वाट बघणारा आहे. आणि वाट बघणं पैशावर अवलंबून असतं. १६ मिलिमीटरच्या फिल्मचं चारशे फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. त्याचे पैसे, धुण्याचे पैसे, प्रतीचे पैसे. समोरचा माणूस खरं बोलेपर्यंत कॅमेरा चालू ठेवणं परवडत नाही, म्हणून अंदाज बांधून बटण दाबायचं. व्हिडिओ आला आणि हा हिशेब बदलला. सिमंतिनी धुरू यांच्यासोबत त्यांनी नर्मदेच्या खोऱ्यात, सातपुड्यातल्या मणिबेलीपर्यंत जाऊन केलेला 'नर्मदा डायरी' हा अशा बदलाच्या काळातला. ते गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला तो वाशीमसोबतच, एकाच दिवशी.

वाट बघण्याची कमाल म्हणजे 'जय भीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. हेच घोगरे 'हमारा शहर'मध्ये गायले होते. म्हणजे दिग्दर्शकासाठी ही बातमी नव्हती, आपल्या चित्रपटातला माणूस गेला होता. चित्रण सुरू झालं आणि चौदा वर्षं चालू राहिलं. गोळीबाराचं समर्थन करताना पोलिसांनी सांगितलं होतं की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. चित्रपट ते म्हणणं हातात घेऊन तपासतो: टँकर कुठं, माणसं कुठं पडली, मधलं अंतर किती. इतक्या वर्षांत पोरं मोठी होतात, खटले रेंगाळतात, नेते पक्ष बदलतात, आणि तरुण गायक-गायिका उभे राहतात. तीन तासांहून मोठा हा चित्रपट, त्यात निवेदन अगदी मोजकं, सांगायचं ते गाणी सांगतात. याआधीच्या काही चित्रपटांत पटवर्धनांचं निवेदन प्रेक्षकाच्या आधीच निष्कर्षाला पोचायचं, अशी माझी जुनी तक्रार आहे. इथं ती उरत नाही. २०११ साली काठमांडूच्या 'फिल्म साउथ एशिया'त हा सर्वोत्कृष्ट ठरला. आणि मुंबईच्या वस्त्यांत, चाळींत पडदा लावून तो दाखवला गेला, जिथं प्रेक्षक पडद्यावर स्वतःला बघत होते. महाराष्ट्र शासनाचा पुरस्कारही त्याला मिळाला. त्याची रक्कम पटवर्धनांनी कबीर कला मंच या गटाच्या कलावंतांच्या बचावासाठी दिली. राज्याने दिलेला पैसा राज्याशी चाललेल्या खटल्यात!

'जंग और अमन'ची कथा त्या मानाने झटपट सांगता येईल. पोखरणच्या १९९८च्या अणुचाचण्यांनंतर भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिकेत चित्रण, सेन्सॉरने सुचवलेल्या एकवीस कात्र्या, २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाचा एकही कात्री नको असा निकाल, आणि मग त्यालाच राष्ट्रीय पुरस्कार. २००४ साली मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं करण्यावरून वाद झाला, तेव्हा देशभरच्या माहितीपटवाल्यांनी त्याच दिवसांत मुंबईत 'विकल्प' नावाचा स्वतःचा महोत्सव भरवला. त्यातही पटवर्धन होते.

आपल्या भागाबद्दलही एक उदाहरण. २००६ साली पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त म्हणून ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा यांच्यासोबत वाशीम होतं. विदर्भातल्या याच कापूस उत्पादकांवर नंदन सक्सेना आणि कविता बहल यांनी 'कॉटन फॉर माय श्राउड' केला. त्यालाही २०११ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि विभाग तोच, शोधक चित्रपट. कापूस आमचा, कर्ज आमचं, पदक दिल्लीत. पण ते चित्र कारंज्याच्या बाजार समितीत गाडी उभी करून बसलेल्या माणसाला दिसायचं कुठं?

२०१५च्या ऑक्टोबरात पदकाचा आणखी एक उपयोग झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी संपावर होते, त्यांच्या पाठिंब्यासाठी आणि वाढत्या असहिष्णुतेच्या निषेधासाठी काही दिग्दर्शकांनी आपले राष्ट्रीय पुरस्कार परत केले. त्यात पटवर्धन होते. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या हत्यांपाशी जाणारा 'विवेक' हा त्यांचाच चित्रपट २०१८ साली ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट पूर्ण लांबीचा माहितीपट ठरला. माहितीपटांच्या जगात यापेक्षा मोठी जागा क्वचितच असेल. तरी पुढच्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या महोत्सवात तो दाखवायला केंद्राने सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट नाकारली आणि केरळ उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो पडद्यावर आला. २०२३चा 'वसुधैव कुटुंबकम्' मात्र घरातला, म्हाताऱ्या आईवडिलांचा. त्यांच्याशी मारलेल्या गप्पा सहज टिपून ठेवलेल्या, त्यातून उभा राहिलेला.

या सगळ्या लढाया जिंकता आल्या त्यामागे कायद्याचं एक साधं कलम आहे. उच्च न्यायालयात रिट याचिका करून मूलभूत हक्क मागायचा तो सरकारकडे, किंवा सरकारचं काम करणाऱ्या संस्थेकडे. दूरदर्शन तशी संस्था. १९९५ साली क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असंच सांगितलं. म्हणजे कडी आतून लावलेली असली तरी दार आपलं होतं, ते ठोठावता येत होतं.

आता छतावर अँटेना नाही. वाशीमच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या पोराच्या हातात जगातले हजारो माहितीपट आहेत. पटवर्धनांनी 'विवेक' इंटरनेटवर भागाभागांनी टाकला, तो त्यालाही फुकटात बघता येतो. पण ज्यांना पैसे भरून आपण मालिका बघतो, त्या खासगी वाहिन्या आणि ॲपवाले कुणाचा माहितीपट घेणार, कुणाचा नाही, हा त्यांचा धंदा. त्यांच्यावर सहसा रिट होत नाही. पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवू, असं त्यांच्या कुठल्या मंत्र्याने व्यासपीठावरून म्हटलेलं नाही. दूरदर्शन निदान नकाराचं पत्र पाठवायचं, त्यात कारणं असायची, आणि त्या कारणांचा कोर्टात समाचार घेता यायचा. इथं पत्रच येत नाही.